जमीन राखण्याचें शिक्षण : कृषि महाविद्यालयांनीं तें कसें द्यावें

आमच्या सभासदांपैकीं पुष्कळांचीं मुलें हल्लीं कृषि महाविद्यालयांत शिकत आहेत. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषि विद्यापीठें आणि त्यांस जोडलेलीं सरकारी व खासगी महाविद्यालयें यांतून दरसाल पदवीधरांची एक मोठी तुकडी बाहेर पडते. त्यांपैकीं कांहीं सरकारी नोकरींत, कांहीं बँकांत, कांहीं खतें व औषधें विकणाऱ्या कंपन्यांत जातात आणि थोडे घरच्या शेताकडे परत येतात. मुलगा कोठेंहि गेला तरी त्याच्या सल्ल्यानें कोणाचें तरी शेत कसलें जाणार हें निश्चित. म्हणून महाविद्यालयांत त्यास काय शिकवितात, आणि विशेषतः जमीन व पाणी पुढील पिढीच्या हातीं धड स्थितींत कशीं द्यावीं हें शिकवितात कीं नाहीं, हा प्रश्न एकट्या प्राध्यापकांचा नसून आपलाहि आहे. प्रस्तुत लेखकाचें शिक्षण मराठी शाळेपुरतें झालें. महाविद्यालयाची पायरी त्यानें चढली ती मुलाच्या प्रवेशाच्या कामासाठींच. परंतु महसूल खात्याचीं दप्तरें लिहितां-वाचतां जमिनीचें आयुष्य कसें वाढतें व कसें घटतें हें कागदावर पुष्कळ पाहावयास मिळालें. तेवढ्या अधिकारावर हे चार शब्द लिहिले आहेत.

हल्लीं ‘शाश्वत’ हा शब्द जो तो वापरतो. त्याचा अर्थ शेतकऱ्यास समजावून देण्याची फारशी गरज नाहीं. मुद्दल न मोडतां व्याजावर संसार चालविणें, एवढाच तो अर्थ आहे. मातींतील कस, विहिरींतील पाणी, बांधावरील झाडें हें मुद्दल. दरसालचें पीक हें व्याज. १९८७ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं नेमलेल्या आयोगानें, ज्याच्या अध्यक्षा नॉर्वे देशाच्या ब्रुंटलांडबाई होत्या, हाच विचार जगापुढें मांडला कीं, आजच्या पिढीनें आपल्या गरजा भागवाव्या, पण पुढील पिढ्यांस आपल्या गरजा भागवितां येणार नाहींत अशा रीतीनें भागवूं नयेत. १९९० सालीं फ्रान्समधील तालुआर गांवीं २२ विद्यापीठांचे प्रमुख जमले व त्यांनीं हें शिक्षण विद्यापीठांतील सर्व शाखांत घालण्याचा जाहीरनामा काढला. आपल्या देशांत सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं पर्यावरणाचें शिक्षण सक्तीचें करण्याविषयीं आदेश दिला व २००३ सालीं तो पुन्हां बजावला. त्यावरून विद्यापीठ अनुदान आयोगानें पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठीं सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम तयार केला. कृषि पदवीच्या अभ्यासक्रमांतहि पांचव्या अधिष्ठाता समितीनें पर्यावरण अभ्यास, कोरडवाहु शेती व पाणलोट व्यवस्थापन, सेंद्रिय शेतीचीं तत्त्वें असे विषय घातले. तेव्हां विषय नाहीं अशी तक्रार कोणास करतां येणार नाहीं.

तक्रार निराळी आहे. विषय आहे, पण तो एका कोपऱ्यांत बसविला आहे. सकाळच्या तासास विद्यार्थी भूजल खोल गेल्याबद्दल टिपण घेतो आणि दुपारच्या तासास हेक्टरीं जास्तींत जास्त उत्पन्न काढण्याच्या पद्धतींत तेंच पाणी किती पाळ्यांनीं द्यावें हें पाठ करतो. दोन्ही तासांचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे असें त्यास कोणी सांगत नाहीं, आणि परीक्षेंतहि कोणी विचारीत नाहीं. पर्यावरणाचा पेपर सुटला कीं तें प्रकरण मिटलें. हें म्हणजे घरांतील जमाखर्चाच्या वहींत कर्जाचें पान निराळें शिवून ठेवण्यासारखें आहे. जमेच्या पानावर सर्व आबादीआबाद दिसतें.

याचें एक उदाहरण विस्तारानें घेतों, कारण तें आपल्या अंगणांतील आहे. पाटाच्या पाण्यानें जमिनी खारावणें हा दख्खनमधील जुना रोग होय. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहूं लागलें आणि थोड्याच वर्षांत त्या खोऱ्यांतील सखल काळ्या रानांत पांढरा थर दिसूं लागला. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनीं नीरा खोऱ्यांतील या क्षारांच्या जमिनींवर १९१० सालींच एक पुस्तिका लिहिली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. आज कृष्णाकांठीं शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत जाऊन पाहावें. ज्या रानांत पूर्वीं ऊस उभा राहत असे तेथें लव्हाळा उभा आहे, आणि सात-बारावर मात्र ती जमीन बागाईतच लिहिलेली असते.

आतां ही एक जमीन खराब होण्यास महाविद्यालयांतील किती विषय लागतात तें पाहावें. काळी माती पाणी धरून ठेवते, खालीं सोडीत नाहीं, हें मृदाशास्त्र. पाट वरच्या अंगानें काढला व खालच्या अंगास निचऱ्याची चर ठेवली नाहीं, हें स्थापत्य. पाण्याच्या पाळ्या गरजेपेक्षां अधिक दिल्या, कारण पाटाचें पाणी मापानें न मिळतां क्षेत्रावर आकारलें जाई, हें अर्थशास्त्र. एकाच रानांत लागण, खोडवा, पुन्हां खोडवा असा ऊसच राहिला व मधें ताग-धैंचा कधीं आला नाहीं, हें पीकशास्त्र. भूजलाची पातळी वर चढून मुळांपाशीं आली कीं, उन्हाळ्यांत तें पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर ओढलें जातें. पाणी हवेंत उडून जातें व क्षार तेथेंच बसतात. क्षारांत सोडियमचा अंश फार झाला म्हणजे मातीचे कण फुगून एकमेकांपासून सुटतात, पाणी मुरेनासें होतें, आणि जमीन चोपण बनते. नुसती क्षारयुक्त जमीन चांगल्या पाण्यानें धुऊन निघते. चोपण जमिनीस जिप्सम द्यावा लागतो. परंतु दोहोंसहि प्रथम निचरा पाहिजे. निचऱ्यावांचून घातलेलें जिप्सम हें पैसे मातींत घालणें होय, आणि असे पैसे घातलेले शेतकरी आमच्या माहितींत आहेत.

हीच गोष्ट एका हिशेबानें अधिक स्पष्ट होईल. विहिरीच्या एक लिटर पाण्यांत अर्धा ग्रॅम क्षार असले तर तें पाणी पिकास चांगलेंच समजलें जातें. उसाच्या एका हेक्टरास पाऊस सोडून वर्षांत १५,००० घनमीटर पाणी दिलें असें धरूं. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. म्हणजे त्या पाण्याबरोबर ७,५०० किलो, साडेसात टन, क्षार दरसाल त्या हेक्टरांत आपण स्वतःच्या हातानें घातले. पावसाळ्यांत ते धुऊन खालीं वाहून गेले तर ठीक. न गेले तर दहा वर्षांत किती होतील तें वाचकांनींच पाहावें. चांगल्या पाण्यानेंहि जमीन कशी बिघडते हें कोडें शेतकऱ्यास नेहमीं पडतें. त्याचें उत्तर या एका गुणाकारांत आहे. हा गुणाकार महाविद्यालयांत कोणत्या तासास करावा? मृदाशास्त्राचे गुरुजी म्हणणार कीं पाळ्या हा आमचा विषय नव्हे, आणि सिंचनाचे म्हणणार कीं क्षार हा आमचा विषय नव्हे. आमचें म्हणणें असें कीं, चारहि विषयांच्या गुरुजींनीं विद्यार्थ्यांस घेऊन एका खारावलेल्या रानांत एक दिवस उभें राहावें, दोन हात खोल खड्डा घ्यावा, पाणी कोठें लागतें तें पाहावें, वरच्या अंगाच्या शेतकऱ्यास व खालच्या अंगाच्या शेतकऱ्यास एकाच वेळीं बोलवावें, आणि मग ज्यानें त्यानें आपला भाग सांगावा. वरच्या अंगाचा शेतकरी जें पाणी अधिक देतो त्याचा दंड खालच्या अंगाच्यास भरावा लागतो, ही गोष्ट तेथें उभें राहिल्याशिवाय कोणासहि कळत नाहीं.

अशा रीतीचें शिक्षण व संशोधन आपल्याकडे पूर्वीं कधीं झालेंच नाहीं असें नाहीं. वर ज्यांचें नांव आलें त्या डॉ. मॅन यांनीं महाविद्यालयांतील सहकाऱ्यांबरोबर पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवीं जाऊन तेथील जमीन, पाणी, पिकें, गुरें, कर्ज व मजुरी यांची घर न् घर पाहणी केली व तिचें पुस्तक १९१७ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुक येथें कानिटकर यांच्यासह तशीच पाहणी करून दुसरें पुस्तक १९२१ सालीं काढलें. मॅन हे मूळचे रसायनशास्त्राचे. पण माती तपासून ते थांबले नाहींत. त्यांनीं जुनीं दप्तरें उघडलीं. पिंपळे सौदागर येथें १७७१ सालीं एका खातेदारामागें सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, हें त्यांस दप्तरांतून दिसलें. आणि दीडशेंच्या आसपास खातेदारांची जमीन सातशेंहून अधिक तुकड्यांत विखुरली होती. तीन गुंठ्यांच्या तुकड्यावर कोणता नांगर चालणार, तेथें बांध कोण घालणार, आणि बांध नसेल तर माती कोठें राहणार? मातीचा प्रश्न वांटणीच्या प्रश्नाशीं असा जोडलेला आहे. पुढें १९४७ सालीं मुंबई सरकारनें तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा केला, त्यामागें अशा पाहण्यांचा आधार होता. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दींत आहे व त्या तुकड्यांवर अनेक मजली इमारती उभ्या आहेत. त्या पुस्तकांतील शेतांचा पत्ता आतां पुस्तकांतच लागेल. विद्यार्थ्यांस जमिनीच्या मरणाचा धडा द्यावयाचा असेल तर तें पुस्तक हातांत देऊन त्या गांवांतून एक फेरी मारावी. दुसरें व्याख्यान नको.

इंदूर येथें अल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ पासून १९३१ पर्यंत ज्या संस्थेंत काम केलें तेथेंहि असेंच होतें. शेतांतील काडीकचरा, गुरांचें मलमूत्र व माती यांपासून कंपोस्ट करण्याची त्यांची पद्धति प्रसिद्ध आहे. ती पद्धति प्रयोगशाळेंतल्यापेक्षां अधिक, गुरांच्या गोठ्यांत व शेतांत पाहून ठरली. इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथें गव्हाचें एक रान १८४३ सालापासून एकाच पद्धतीनें पेरीत आले आहेत. कोणत्या वाफ्यास कोणतें खत, हें इतक्या वर्षांत फारच थोडें बदललें. आपल्या देशांतहि दीर्घ मुदतीचे खतप्रयोग १९७०-७१ पासून अनेक ठिकाणीं चालू झाले, आणि अकोला हें त्यांतील एक केंद्र आहे. या सर्व प्रयोगांतून एकच गोष्ट वारंवार दिसली आहे. नुसतें नत्र घालीत राहिलें तर उत्पन्न प्रथम वाढून मग घसरतें. नत्र, स्फुरद व पालाश यांबरोबर शेणखत असेल तर तें टिकतें. हा निष्कर्ष पुस्तकांत एका ओळीचा आहे. परंतु विद्यार्थ्यास त्या वाफ्यांच्या काठावर उभें करून ‘हा वाफा तुझ्या जन्मापूर्वींपासून नुसत्या युरियावर आहे’ असें सांगितलें तर ती ओळ तो आयुष्यांत विसरणार नाहीं.

महाविद्यालयाचें स्वतःचें शेत हें देखील एक क्रमिक पुस्तकच आहे. विद्यार्थी तें न उघडतां वाचीत असतात. वर्गांत पाचट कुजविण्याचे फायदे सांगावयाचे आणि महाविद्यालयाच्याच उसांत तोडणीनंतर काडी लावावयाची, असें जेथें चालतें तेथें विद्यार्थी काडी लावण्यासच शिकतो. पाचटाचा हिशेबहि सोपा आहे. एका हेक्टरांतून ८ ते १० टन पाचट निघतें. त्यांत शेंकडा सुमारें अर्धा भाग नत्र व जवळ जवळ एक भाग पालाश असतो. म्हणजे १० टनांत ५० किलोपर्यंत नत्र व १०० किलोपर्यंत पालाश. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणींत नत्र असतें २०.७ किलो, म्हणजे काडी लावणारा दर हेक्टरास दोन गोण्यांहून अधिक युरिया जाळतो, आणि पालाशाची राख वाऱ्यावर सोडतो. आपल्यापैकीं किती जण दुकानांतून युरिया आणून चुलींत घालतील?

आतां महसुली दप्तराविषयीं. हा आमचा घरचा विषय असल्यामुळें थोडें अधिक लिहिल्यास वाचक क्षमा करतील. गांवचा नमुना सात व बारा हा कर्ज काढण्यापुरता कागद आहे अशी आपली समजूत झाली आहे. वास्तविक नमुना बारा म्हणजे त्या जमिनीचें रोजचरित्र होय : कोणत्या सालीं, कोणत्या हंगामांत, किती क्षेत्रांत, कोणतें पीक, पाण्याचें साधन कोणतें, पडीक किती. एका गांवाचे पन्नास वर्षांचे नमुने विद्यार्थ्यांस काढून दिले व त्यांतून ज्वारी, बाजरी, कडधान्यें, ऊस, फळबागा व पडीक यांचें क्षेत्र दर दहा वर्षांनीं काय होतें तें त्यांच्याकडून मांडून घेतलें, तर त्या गांवाच्या पाण्याचें काय झालें हें निराळें सांगावें लागणार नाहीं. जोडीस भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजते, ते आंकडे. आणि तालुक्याचा पाऊस. तीन कागद शेजारीं ठेवले कीं धडा तयार.

मात्र दप्तर वाचण्याची एक विद्या आहे व ती दप्तर लिहिणारासच ठाऊक असते. जुन्या पीकपाहणींत ‘मागील पान पुढें’ या न्यायानें लिहिलेल्या नोंदी पुष्कळ आहेत. ज्या गट नंबरास सलग बारा वर्षें एकच पीक व तेवढेंच क्षेत्र दिसेल तेथें शेतांत कोणी गेलें नव्हतें असें समजावें. पैसेवारीच्या साली पिकांचे आंकडे पडतात, कर्जाच्या साली चढतात. खोदलेली विहीर बहुधा नोंदलेली असते; विंधनविहिरी मात्र कित्येक नोंदलेल्याच नसतात, आणि भूजल त्याहि ओढून नेतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यांत ई-पीक पाहणी सुरू होऊन पिकाची नोंद शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून करतो. तेव्हां आतां खोटी नोंद झाली तर ती तलाठ्याच्या माथीं मारतां येणार नाहीं. विद्यार्थ्यानें कागदावरील आंकडा व डोळ्यांनीं पाहिलेला आंकडा शेजारीं मांडावा व दोहोंत अंतर कां पडलें तें लिहावें. हें अंतर शोधणें हेंच उच्च शिक्षण होय, असें आमचें मत आहे.

पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत आपल्याच लोकांनीं घालून दिली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं १९७४ सालीं पाणी पंचायतीचें काम आरंभिलें. पाण्याचा वांटा जमिनीवर न ठरवितां कुटुंबांतील माणसांवर, माणशीं अर्धा एकर, असा ठरविला. भूमिहीनांसहि वांटा ठेवला आणि ऊस वर्ज्य केला. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरेबाजार येथें पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें गांव दरसाल पडलेला पाऊस मोजून, जमेस किती पाणी आलें तें पाहून मग पिकें ठरवितो. सिंचनासाठीं विंधनविहीर घेण्यास तेथें बंदी आहे. या दोन्ही गोष्टी महाविद्यालयाबाहेर घडल्या. त्या अभ्यासक्रमांत केवळ स्तुतीचे परिच्छेद म्हणून न येतां गणितें म्हणून आल्या पाहिजेत.

असें एक गणित नमुन्यादाखल मांडतों. समजा, एका गांवाचें क्षेत्र ८०० हेक्टर व वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर आहे. एका हेक्टरावर ५,००० घनमीटर, म्हणजे गांवावर ४० लाख घनमीटर पाणी पडलें. काळ्या खडकाच्या मुलखांत त्याचा सुमारें दहावा हिस्सा भूगर्भांत मुरतो असें धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे ४ लाख. तलाव-बंधाऱ्यांचें पाणी निराळें ठेवूं. वस्ती २,००० माणसांची, माणशीं रोज ५५ लिटर. गुरें ६००, गुरामागें ५० लिटर. वर्षाचें हें पाणी ५१ हजार घनमीटरांच्या आसपास होतें. तें पहिल्यानें बाजूस काढलें कीं पिकांस राहिलें ३ लाख ४९ हजार. उसास हेक्टरीं १५,००० धरल्यास २३ हेक्टर ऊस होतो. हरभऱ्यास दोन पाळ्यांचें मिळून १,५०० धरल्यास २३२ हेक्टर हरभरा होतो. एकरांत सांगावयाचें तर ५७ एकर ऊस किंवा साडेपांचशेंहून अधिक एकर हरभरा. आतां विद्यार्थ्यानें गांवांत जाऊन ऊस किती एकर उभा आहे तें मोजावें. तो दीडशें एकर निघाला तर वरचें पाणी कोठून आलें? शेजारच्या गांवाचें, किंवा पूर्वजांनीं न उपसतां ठेवलेलें. तिसरा मार्ग नाहीं.

येथें शेतकरी बंधूंचा एक रास्त आक्षेप येतो व तो टाळून चालणार नाहीं. ते म्हणतील, हें गणित आम्हांसहि येतें; पण उसास सरकारनें ठरविलेला रास्त व किफायतशीर दर आहे, कारखाना नेण्यास येतो, उसाची चोरी होत नाहीं, पाऊस-गारांत तो बहुधा टिकतो; हरभऱ्याचा भाव काढणीच्या दिवशींच पडतो. अगदीं खरें आहे. आणि म्हणूनच नुसती नीति शिकविणारें शिक्षण आम्हांस निरुपयोगी वाटतें. ज्या पदवीधरास शेतकरी ऊस कां लावतो हें त्याच्या जमाखर्चावरून समजत नाहीं, त्यानें शेतकऱ्यास पाणी वांचविण्याचा उपदेश करूं नये. महाविद्यालयांत अर्थशास्त्राच्या तासास पिकाचा खर्च काढतात तेव्हां मजुरी, बीं, खत, व्याज, जमिनीचा खंड हें सर्व धरतात. विहीर दरसाल किती हात खोल गेली व मातींतील सेंद्रिय कर्ब किती घटला, ह्या दोन बाबी खर्चांत धरीत नाहींत. त्या धराव्या. धरल्यावर कित्येक फायद्याचीं पिकें तोट्यांत निघतील, आणि तो तोटा एकट्या शेतकऱ्यानें सोसावा कीं भाव ठरविणाऱ्यांनीं, हा पुढचा प्रश्नहि विद्यार्थ्यांपुढें येईल. जे उद्यां अधिकारी होणार त्यांच्यापुढें तो वयाच्या विसाव्या वर्षींच आलेला बरा.

शेवटीं ‘कृषिदूत’ व ‘कृषिकन्या’ यांच्याविषयीं, कारण आपला प्रत्यक्ष संबंध त्यांच्याशीं येतो. पदवीच्या शेवटच्या वर्षीं ग्रामीण कृषि कार्यानुभवासाठीं हीं मुलें गांवोगांव येतात. योजना उत्तम आहे. परंतु बहुतेक ठिकाणीं काय होतें? बीजप्रक्रियेचें एक प्रात्यक्षिक, बोर्डो मिश्रणाचें एक, मातीचा नमुना घेण्याचें एक. प्रत्येकाचें छायाचित्र, वर्तमानपत्रांत चार ओळींची बातमी, आणि अहवालाची बांधणी. वीस वर्षें बीजप्रक्रिया करून पेरणाऱ्या शेतकऱ्यास बीजप्रक्रिया दाखविली जाते आणि तोहि बिचारा मुलांचे गुण जाऊं नयेत म्हणून नवल केल्यासारखें करतो. मुलें गेलीं कीं सर्व संपलें. पुढील वर्षींची तुकडी दुसऱ्या गांवीं जाते व पुन्हां पहिल्या पानापासून आरंभ करते. मुलांचा यांत दोष नाहीं. त्यांस जें करण्यास सांगितलें तें तीं करतात.

आमची सूचना अशी आहे कीं, आपल्या मंडळानें जवळच्या महाविद्यालयाशीं पत्रव्यवहार करून निदान दहा वर्षें तेंच गांव घेण्याची विनंती करावी, आणि गांवाची एक नोंदवही मंडळाच्या कार्यालयांत ठेवावी. वहीची मालकी गांवाची. तुकडीमागून तुकडी येऊन तींत आपलें पान लिहील व मागील पानें तपासून पाहील. नोंदी थोड्या पण न चुकणाऱ्या असाव्या : ठरविलेल्या दहा विहिरींची पातळी, नोंदलेल्या व न नोंदलेल्या विंधनविहिरींची संख्या, प्रत्येक पिकाचें डोळ्यांनीं पाहिलेलें क्षेत्र, पाचट जाळलेलें व ठेवलेलें क्षेत्र, ठरविलेल्या दहा गट नंबरांतील मातीचा सेंद्रिय कर्ब व क्षारता, आणि दावणीचीं गुरें. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळूं लागल्या. त्या पेटींत पडून असतील, त्या याच वहीस चिकटवाव्या. प्रत्येक तुकडीनें निघण्यापूर्वीं ग्रामसभेंत उभें राहून आपलें पान वाचून दाखवावें व शेतकऱ्यांच्या प्रश्नांस उत्तरें द्यावीं. गुणांचा मोठा वांटा त्या उत्तरांस असावा. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात, वेळ मिळत नाहीं, अशी अडचण महाविद्यालयें सांगतील व ती खोटी नाहीं. परंतु या रीतीस नवा प्राध्यापक लागत नाहीं, नवी इमारत लागत नाहीं. ज्या सहा महिन्यांत मुलें आजहि गांवांत येतात तेच सहा महिने पुरतात.

वहीचें पहिलें पान ज्येष्ठांत, पाऊस पडण्यापूर्वीं लिहावें, कारण विहिरीचें पाणी सर्वांत खोल त्याच वेळीं असतें. मुलें पुष्कळदां पावसाबरोबर येतात, सबब पहिल्या वर्षींचें हें माप सभासदांनीं स्वतः घ्यावें. त्यास एक दोरी, टोकास बांधण्यास वजन व मापाची फीत एवढें पुरे. काठाची एक खूण ठरवून तिच्यापासूनच दरवेळीं मोजावें, मोजण्याच्या आदल्या रात्रीं मोटार बंद ठेवावी, आणि मापाशेजारीं गट नंबर, तारीख व मोजणाराची सही घालावी.